एक पाऊल जंगलात, एक वाळूत

लग्नाआधी कुंडल्या जुळवतात, पगार जुळवतात, हल्ली तर ब्लड ग्रुपही जुळवून बघतात. पण 'सुट्टीत तू नेमकं काय करतोस?' हा लाखमोलाचा प्रश्न कुणीच विचारत नाही! मग अप्रेझल उरकतं, बॉसला मस्का मारून सलग नऊ दिवसांची रजा पदरात पडते आणि खरी परीक्षा सुरू होते. एकाला वाळूत आडवं पडून, पुस्तक तोंडावर घेऊन झोपायचं असतं. दुसऱ्याला पहाटे पाचला उठून रान तुडवायचं असतं. शेवटी तडजोड म्हणून दोघंही कुठल्या तरी हिल स्टेशनच्या मॉल रोडवर शाली बघत फिरतात, आणि दोघंही मनातून खट्टू.

अशा विजोड जोड्यांसाठी आपल्याच देशात एक जागा आहे. अंदमान! आमच्या घरात वाळूवाली मी आणि रानवाला नवरा. दोघांपैकी कुणालाही मन मारावं लागलं नाही, अशी लग्नानंतरची ही पहिलीच ट्रिप.

अंदमानचे बीच सगळ्यांना माहीत असतात. ऑफिसात कुणी ना कुणी हनीमूनला जाऊन आलेलं असतं, निळ्याशार पाण्याचे दोनशे फोटो आपण सक्तीने पाहिलेले असतात. पण त्या फोटोंत मागे जी हिरवी भिंत दिसते ना, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. अंदमान-निकोबारची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षाही जास्त, आणि तोही दोन हप्त्यांत. मेपासून आपल्यासारखा नैर्ऋत्य मान्सून, नंतर नोव्हेंबरच्या आसपास परतीचा. एवढं पाणी आणि वर्षभर ऊब मिळाल्यावर झाडं काय थांबतात होय! थेट समुद्राच्या काठापर्यंत उतरतात.

पाच वाजता रात्र

चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम. पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे, त्यामुळे आपणही तेच वापरू.) इथे पहिला धक्का घड्याळाचा बसतो. बेटं आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, पण वेळ मात्र भारतीयच. त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य चक्क बुडतो. साडेपाचला पूर्ण काळोख! 'दुपारी जेवून, जरा पडून, मग सनसेट बघू' असा मुंबई-पुण्याचा हिशेब केलात तर सनसेट फक्त पोस्टकार्डावर दिसेल. उलट पहाट लवकर होते, आणि एरवी अलार्म चार वेळा स्नूझ करणारी माणसं इथे सहाला टुणकन उठून बसतात.

सेल्युलर जेल बघायलाच हवा. मराठी माणूस सावरकरांची कोठडी न बघता परत येत नाहीच. पण जेलच्या समोर पाण्यात जे छोटं बेट दिसतं, तिथे मात्र पुरेसा वेळ काढा. हे रॉस बेट, २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ब्रिटिशांचा सगळा कारभार इथून चालायचा. चर्च, बेकरी, क्लब, टेनिस कोर्ट, सगळा थाट. १९४१ च्या भूकंपाने बेटाला हादरा दिला, मार्च १९४२ मध्ये जपानी आले, आणि युद्धानंतर साहेब काही तिथे पुन्हा रमला नाही. मग आपल्या वड-पिंपळाच्या भाऊबंदांनी बेट ताब्यात घेतलं. आज भिंती पडल्यात, पण भिंतींना धरून बसलेली मुळं तशीच उभी आहेत. दाराच्या आकाराचं मूळ, खिडकीच्या आकाराचं मूळ! साहेबाच्या बंगल्यात हरणं चरतायत. जंगलाला मोकळीक दिली तर ऐंशी वर्षांत ते काय करू शकतं याचा हा डेमोच समजा.

सात नंबरच्या मागे

मग बोटीने हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. खासगी कॅटमरान दीड तासात पोचवते, सरकारी बोटीला दोन-अडीच तास लागतात. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं, वारा खाता येतो. कॅटमरानमध्ये एसी असतो आणि काच बंद. आम्ही जाताना एक आणि येताना दुसरी घेतली. माझं मत सरकारी बोटीला!

गावांची नावं ऐकून गंमत वाटते... गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, त्यांची ही गावं. त्यामुळे बाजारात बंगाली कानावर पडते, माशाचं कालवण ए वन मिळतं आणि 'दादा' म्हटलं की काम लवकर होतं. बीचेसना मात्र साधे नंबर. तीन नंबर, पाच नंबर, आणि सात नंबर म्हणजे जगप्रसिद्ध राधानगर, ज्याला 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम बीच ठरवलं.

सात नंबरला सगळे जण पाण्याकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही एकदा पाठ फिरवून बघा. वाळू संपते तिथेच सी-महुआची प्रचंड झाडं सुरू होतात. सरळसोट, जाड बुंध्यांची, वर एकमेकांत मिसळलेली. दुपारी बारालाही खाली गारवा. काशिद-अलिबागला आपण सुरूच्या बनाला जंगल म्हणतो बिचारे! इथे मी वाळूत झाडाच्या सावलीला पडले, नवरा पन्नास पावलांवर रानात शिरला, आणि लग्नाला चार वर्षं झाल्यानंतर प्रथमच आम्ही दोघं एकाच वेळी, एकाच जागी खूश होतो.

पोहताना मात्र लाइफगार्ड सांगेल तिथेच राहायचं, हिरोगिरी नको. एप्रिल २०१० मध्ये याच किनाऱ्यालगत स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा खाऱ्या पाण्यातल्या मगरीने बळी घेतला होता. असे प्रकार फार क्वचित घडतात, पण खाडी आणि खारफुटीच्या तोंडाशी उतरायचं नाही हा नियम स्थानिक लोकही पाळतात.

एलिफंट बीचला बहुतेक जण जेटीवरून स्पीडबोटीने जातात. बोट चुकवा आणि रानातून चालत जा. स्थानिक वाटाड्या घेतला की पाऊण-एक तासाची वाट. हवा इतकी दमट, की दहाव्या मिनिटाला शर्ट पिळून काढावा. पण डोकं वर करून बघावं तर गुर्जनचे खांब सरळ आकाशात गेलेले, तेरा-चौदा मजली बिल्डिंगएवढे. बुंध्याशी भिंतीसारखी पसरलेली मुळं, माणूस आरामात लपेल अशी. माती पातळ असल्यामुळे मुळं खोल जात नाहीत, मग झाड असा पसरट पाया धरतं. मधल्या थरात वेत आणि वेली. अगदी खाली जेमतेम उजेड पोचतो, म्हणून जमिनीवर झुडपं कमी, चालायला जागा बरी. पावसाळा नुकताच संपलेला असेल तर जळवाही भेटतात. मला एक भेटली. माझी किंकाळी ऐकून नवऱ्याने काय केलं असेल? फोटो काढला!

या रानात एकेकाळी हत्ती लाकूड ओढायचे, बीचचं नावही त्यावरूनच. त्यातला राजन फार प्रसिद्ध झाला. समुद्रात पोहणारा हत्ती म्हणून जगभरचे फोटोग्राफर त्याच्यासाठी यायचे. २०१६ मध्ये तो गेला. नैसर्गिक जंगलातल्या लाकूडतोडीला सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये लगाम घातला होता, त्यामुळे म्हातारपणी तरी बिचाऱ्याला ओंडके ओढावे लागले नाहीत.

वाट संपते आणि अचानक डोळे दिपवणारा उजेड! पाण्यात महाकाय झाडं आडवी पडलेली, उन्हाने पांढरी झालेली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची खूण. त्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली, दक्षिणेकडची खचली. तोंडाला मास्क लावून डोकं पाण्यात घातलं की पोपटमासे, काटेरी साळिंदरासारखे सी-अर्चिन, आणि प्रवाळ. काही भाग रंगीत, बराचसा करडा. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र जास्त तापला आणि इथली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली, २०१६ मध्ये पुन्हा तेच झालं. जिथे सावरतायत तिथे त्यांना स्वच्छ पाणी लागतं. आणि पाणी स्वच्छ ठेवतं कोण? मघाशी ज्यातून घाम गाळत आलो ते रान. पावसाळ्यात माती धरून ठेवायला झाडं नसली तर सगळा गाळ प्रवाळावर जाऊन बसेल. नवऱ्याचं रान नसतं तर माझा बीचही नसता, हे त्याने मला तिथे कंबरभर पाण्यात उभं राहून ऐकवलं. दोनदा.

पॅकेजमधला पाचवा दिवस

आता मुद्द्याचं बोलू. अंदमानच्या जवळजवळ प्रत्येक पॅकेजमध्ये एक ओळ असते: 'बाराटांग एक्स्कर्शन: लाइमस्टोन केव्ह्ज, मड व्होल्कॅनो.' कागदावर एकदम मस्त. खारफुटीच्या बोगद्यातून बोट, पुढे चालत गेलं की चुनखडीच्या गुहा, आणि चिखलाचे बुडबुडे सोडणारा ज्वालामुखी. आमच्या रानवाल्याने त्यावर आधीच लाल पेनाने गोल केला होता.

पण तिथे नेणारा अंदमान ट्रंक रोड जिरकाटांगपासून मिडल स्ट्रेटपर्यंत जारवांच्या राखीव जंगलातून जातो. आमच्या एजंटने डोळा मारत सांगितलं होतं, "लक असेल तर वाटेत 'ते लोक'सुद्धा दिसतील." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

जारवा म्हणजे हजारो वर्षं या जंगलात शिकार आणि कंदमुळांवर जगणारी जमात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या होती ३८०. आपल्या एका मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांना बाणांनीच उत्तर द्यायचे, आणि मध्य व दक्षिण अंदमानच्या पश्चिम किनाऱ्याचं जंगल इतकं टिकून राहिलं त्याचं हे एक मोठं कारण. मग ते हळूहळू बाहेर येऊ लागले. १९९९ आणि २००६ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या लहानपणी अंगावर पुरळ येऊन आठवड्यात बरा होणारा आजार, पण ज्यांच्या शरीराची त्याच्याशी कधी ओळखच झालेली नाही त्यांना केवढा महाग पडू शकतो!

२००२ च्या ज्या आदेशाने लाकूडतोड थांबली, त्याच आदेशात सुप्रीम कोर्टाने राखीव जंगलातून जाणारा हा रस्ता बंद करायलाही सांगितलं होतं. या लढाईत अंदमानच्या संस्थेबरोबर पुण्याची कल्पवृक्ष आणि मुंबईची बीएनएचएस होती, म्हणजे आपली माणसं. रस्ता मात्र चालूच राहिला. जानेवारी २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाऊच्या बदल्यात पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'ने समोर आणला, आणि जगभर छी थू झाली. त्याच वर्षी कायदा कडक झाला, फोटो काढण्यापासून ते सगळ्यालाच कैदेची शिक्षा आली. जानेवारी २०१३ मध्ये कोर्टाने पर्यटकांना त्या रस्त्यावर बंदी घातली, मार्चमध्ये ती उठलीही. गाड्यांचे ताफे ठराविक वेळी, पोलिसांच्या सोबतीने जातात. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

आमची याच्यावर सॉलिड वादावादी झाली. हॅवलॉकच्या खोलीत, पंखा फुल स्पीडवर.

"मी फोटो काढणार नाही, बघणारसुद्धा नाही. गुहा बघायच्यात मला!"

"तू नाही बघणार रे. पण गाडीतले बाकीचे सहा जण?"

"रस्ता तर आहेच ना. आपण गेलो नाही म्हणून तो बंद होणार आहे का?"

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या लोकांसाठी हाच रस्ता पोर्ट ब्लेअरच्या हॉस्पिटलचा, कॉलेजचा, बाजाराचा. बाराटांगच्या बोटवाल्यांची चूल पर्यटकांवर पेटते. पण ऑपरेशनला निघालेला पेशंट आणि गुहा बघायला निघालेले आपण, दोघांची गरज सारखी कशी? ज्यांच्या अंगणातून जायचं त्यांना कुणी विचारलेलंच नाही. आणि 'लक असेल तर दिसतील' असं माणसांबद्दल बोललं जातं तिथे मला वाघाच्या सफारीची आठवण येते. मी जाणार नाही म्हटलं. तो अर्धा तास गप्प बसला. मग उठून रिसेप्शनवर गेला आणि आमचं बाराटांगचं बुकिंग रद्द करून आला. वर मला म्हणाला, "दोन दिवस मोकळे केलेत. आता रान तू शोधून दे!"

मोकळे दोन दिवस

शोधलं की! लाँग आयलंड. हॅवलॉकहून ठराविक दिवशी सरकारी बोट जाते. बेटावर गाड्या जवळजवळ नाहीतच. जेटी, छोटा बाजार, शाळा, नारळाच्या वाड्या आणि बाकी सगळं रान. त्या रानातून दीड-दोन तास चालत गेलं की लालाजी बे. वाट झाडीत इतकी दाट, की समुद्र आधी ऐकू येतो, मग वास येतो, आणि अगदी शेवटी दिसतो. पांढऱ्या वाळूची लांबलचक कमान आणि त्या दिवशी तिच्यावर माणसं किती? आम्ही दोघं आणि नारळ सोलून देणारा वाटाड्या. गुहांचा विषय नवऱ्याने त्यानंतर काढला नाही. खारफुटीचा बोगदा हवा असेल तर हॅवलॉकमध्येच कयाक मिळते. अमावास्येच्या आसपास रात्री गेलात तर वल्हं मारताच पाणी निळसर चमकतं. सूक्ष्म जिवांचा उजेड असतो तो. फोटोत काहीही येत नाही, मोबाइल खोलीवरच ठेवा.

बेटं बदलायला वेळ नसेल तर पोर्ट ब्लेअरहून पंचवीसेक किलोमीटरवर चिडियाटापू आहे. रान, पक्षी आणि समोर समुद्रात बुडणारा सूर्य, सगळं अर्ध्या दिवसात. माउंट हॅरिएटवर (२०२१ पासून माउंट मणिपूर) चढून गेलात तर जुनी वीस रुपयांची लाल नोट खिशात ठेवा. तिच्या मागे जे नारळ आणि समुद्र होता, तो देखावा इथलाच. २०१९ ला नवीन नोट आली, तिच्यावर आपलं वेरूळ आहे. थोडक्यात, अंदमानची जागा आपण घेतली!

प्रवाळासाठी वंडूरहून जॉली बॉय बेट. १९८३ मध्ये झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. साधारण नोव्हेंबर ते मे चालू असतं, सोमवारी बंद. प्लास्टिक जेटीवरच काढून घेतात, चिप्सच्या पाकिटापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत. कटकट वाटते, पण बेटावर पोचल्यावर कळतं का ते. तिथे एक रॅपर सापडत नाही.

जायचं कधी? डिसेंबर ते मार्च एकदम बेस्ट, पण ख्रिसमसच्या आठवड्यात हॅवलॉकला सगळी मुंबईच भेटते. बोटीची तिकिटं विमानाच्या तिकिटांबरोबरच काढा आणि परतीच्या फ्लाइटआधी एक रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा, समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. स्कूबा केलंत तर त्यानंतर अठरा ते चोवीस तास विमानात बसायचं नसतं, म्हणजे डायव्हिंग शेवटच्या दिवशी नकोच. किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाचे चिलटांहून बारीक जीव चावतात आणि आठवडाभर खाजवायला लावतात. वाळूवर थेट बसू नका, अंगाला खोबरेल तेल चोपडा. रोख पैसे ठेवा, छोट्या बेटांवर एटीएमचा भरवसा नाही. २०२० मध्ये समुद्राखालून चेन्नईची केबल आली, त्यामुळे नेट बरंच सुधारलंय. बॉसला मात्र हे सांगायची काही गरज नाही!

आणि शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, मूठभर वाळू, काहीही बॅगेत टाकू नका. एअरपोर्टवर बॅग उघडून काढून घेतात, आणि प्रवाळाला वन्यजीव कायदा लागू आहे. आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका नव्या नवरीच्या पर्समधून अकरा शिंपले निघाले. नवरा मोठ्या जोशात म्हणाला, "साहेब, ते मी दिलेत तिला." साहेबांनी शांतपणे बाराव्यासाठी पर्स पुन्हा चाचपली.